आरोपी नंबर एक, आमची ही

पासपोर्टाला एजंट लागतो तो अडाण्याला! मी, विश्वंभर चौसाळकर, धामणखेडच्या हायस्कुलात जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. ज्यानं पोरांना कानाला धरून जगाचा नकाशा काढायला लावला, त्याला एक साधा अर्ज भरता येणार नाही?

"बाबा, तुमच्या गावात एक एजंट आहे म्हणे. तो सगळं करून देतो," आमची रेणुका नॉर्वेहून फोनवर म्हणाली.

"एजंट? या विश्वंभर चौसाळकराला? अगं, तू तुझी तब्येत सांभाळ. आई-बाबा विमानातून उतरलेच म्हणून समज!"

रेणुकाचं पहिलंच बाळंतपण. तारीख जूनमधली. जावई चांगला आहे, पण तो वरणाला फोडणी वरून घालायची की खालून, यावर इंटरनेटवर वाचत बसणारा. तेव्हा आम्ही जाणं भागच होतं.

मी संगणकासमोर बसलो आणि दोघांचे अर्ज भरायला घेतले. नाव, गाव, आईचं नाव, बापाचं नाव, सगळं धडाधड. मग एक प्रश्न आला. अर्जदारावर कोणत्याही न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित आहे काय? मला हसूच फुटलं. माझ्या अर्जात 'नाही' लिहिलं. हिच्या अर्जाशी आलो तेव्हा म्हटलं, जरा गंमत करावी. ही स्वयंपाकघरात मिक्सरवर काहीतरी वाटत होती. मी इथूनच ओरडलो, "अगं ए, तुझ्यावर काही खटला आहे का?"

मिक्सरच्या घरघरीतून उत्तर आलं, "नाही हो!"

लिहिलं 'नाही'. झाला अर्ज! एजंट हवा म्हणे!

काही दिवसांनी पोलीस चौकशीला हवालदार आले. नाव डोईफोडे. नाव असं असलं तरी माणूस लोण्यासारखा. मी त्यांना खुर्ची दिली, पंखा लावला, नॉर्वेच्या किनाऱ्यावर समुद्र जमिनीत कसा घुसलेला आहे ते सांगायला घेतलं. ते कागद चाळत होते आणि मान हलवत होते.

"सर, तुमचं एकदम स्वच्छ आहे," ते म्हणाले. "फक्त बाईंचं जरा..."

"बाईंचं काय? जन्मतारीख चुकली का?"

"नाही सर. बाईंवर केस चालू आहे. फौजदारी."

मी इतका हसलो की ठसका लागला. "डोईफोडे, अहो नावात घोळ झाला असेल! आमच्या हिला पालीची भीती वाटते. झुरळ मारायचं असलं तरी मला बोलावते."

डोईफोडे कागद नाकाशी धरून वाचायला लागले. "कौसल्या विश्वंभर चौसाळकर, राहणार माळी गल्ली, धामणखेड. आरोपी नंबर एक."

"नंबर एक?" माझा आवाज चिरकला. म्हणजे आणखीही नंबर होते!

तेवढ्यात ही पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. हवालदारांना पाहिलं आणि तोंडभर हसली. "अगंबाई, डोईफोडे, तुम्ही होय! मागच्या तारखेला दिसला नाहीत कोर्टात? मंडळींची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे बाई. बंदोबस्ताला होतो," डोईफोडे लाजत म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागले.

मी मात्र खुर्चीत असा बसलो होतो, जसा काही भरलेल्या वर्गात माझाच पायजमा सुटलाय!

डोईफोडे गेल्यावर मी दार लावलं. खिडक्या लावल्या. "कौसल्या," मी म्हणालो, "काय केलंयस तू?"

"मी कुठं काय केलं? कुलूप लावलं."

"कुणाला?"

"मुख्याधिकाऱ्याला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चार-पाच उन्हाळ्यांपूर्वी मी बोर्डाचे पेपर तपासायला जिल्ह्याला जाऊन राहिलो होतो. इकडं नळ कोरडे. आमच्या गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन नगरपालिकेत गेल्या. मुख्याधिकारी म्हणाले, उद्या या. उद्या गेल्या, तर म्हणाले, परवा या. परवा मात्र आमच्या हिनं जाताना पिशवीत न्हाणीघराचं कुलूप टाकलं. साहेब खोलीत बसलेले. हिनं दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं. आणि म्हणाली, "पाणी येईपर्यंत साहेब आत!"

"अगं पण मग उघडलं कधी?"

"लगेचच उघडणार होतो. साहेब तासाभरात कबूल झालेच. पण किल्लीच नव्हती ना माझ्याजवळ! ती तुमच्या जुडग्यात. तुम्ही जिल्ह्याला."

"म्हणजे तो माणूस..."

"संध्याकाळपर्यंत होता. सुताराला बोलवावं लागलं. पण उपाशी नाही ठेवला हो! रझियाआपानं खिडकीतून खिचडी दिली, गोदाक्कानं ताक दिलं. वर दोनदा चहा. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. आजतागायत गेलेलं नाही!"

पाणी गेलेलं नाही हे खरं होतं. मीच चारचौघांत सांगत फिरायचो की आमच्या गल्लीला पाण्याचा त्रास नाही, कारण इथला भूगर्भ चांगला आहे!

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला? विजेचं बिल जरा जास्त आलं तरी तुम्हाला घाम फुटतो. म्हटलं, कशाला जिवाला घोर?"

"पण कोर्टात जायचीस कधी?"

ही पदराशी चाळा करत म्हणाली, "ती आमची भिशी असायची ना..."

मंडळी, माझ्या पायाखालची जमीन सरकली. दर महिन्या-दोन महिन्यांनी ही इस्त्रीची साडी नेसून, डबा भरून भिशीला जायची. मी कौतुकानं रिक्षा आणून द्यायचो. "लवकर ये, भिशी लागली तर मला शर्ट घे," असंसुद्धा म्हणायचो. आणि बाई सरळ आरोपीच्या पिंजऱ्याकडे!

"मी अर्ज भरताना विचारलं होतं!" मी शेवटचं शस्त्र काढलं. "चांगलं ओरडून विचारलं, खटला आहे का!"

"खटला? तुम्ही खर्डा आहे का विचारलंत! मी म्हटलं, नाही. संपलाच होता खर्डा. तोच तर वाटत होते!"

पुढं व्हायचं तेच झालं. पासपोर्ट कचेरीचं पत्र आलं. सौ. कौसल्या यांच्यावर न्यायालयात खटला प्रलंबित असून त्यांनी ती माहिती दडवली आहे, सबब पासपोर्ट का नाकारू नये याचा खुलासा करावा. माझा पासपोर्ट मात्र तयार होता. एक-दोन दिवसांत पोस्टानं निघणार होता.

आता इथं शहाण्या माणसानं काय करावं? गप्प बसावं. पण माझ्यातला नवरा जागा झाला! लग्नाला इतकी वर्षं झाली, हिच्यासाठी मी कधी काही पराक्रम केला नव्हता. मी कागद घेतला आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं. 'पाणी मागणाऱ्या माझ्या पत्नीस आपण पासपोर्ट देत नसाल, तर मलाही तो नको. माझा अर्ज मी या पत्राद्वारे बाणेदारपणे मागे घेत आहे.' सही केली. सहीखाली दोन रेघा मारल्या. आणि जातीनं जाऊन देऊन आलो.

माझी कल्पना अशी होती की हे वाचून कचेरी हादरेल. निदान एखादा साहेब फोन करील, म्हणेल, "सर, असं करू नका." कसचं काय! सरकारनं माझं म्हणणं इतक्या झटपट जन्मात कधी ऐकलं नव्हतं. उलट टपाली उत्तर आलं, आपला अर्ज बंद करण्यात आला आहे.

"आता?" ही म्हणाली.

"आता काय? बाणा म्हणजे बाणा!"

"त्या बाण्यावर विमानात घेतात का?"

आम्ही टाकसाळे वकिलांकडं गेलो. हेच त्या सगळ्या बायकांचे वकील. फी म्हणून लोणची-पापड घेत असावेत, कारण कपाटात कायद्याची पुस्तकं कमी आणि बरण्या जास्त.

"दोन रस्ते आहेत," टाकसाळे म्हणाले. "एक, बाई गुन्हा कबूल करतात. किरकोळ दंड होईल, खटला संपेल, पासपोर्टाची अडचण सुटेल."

"झकास!" मी म्हणालो. "कबूल करून टाक."

हिनं माझ्याकडं असं पाहिलं की समोरची बरणी फुटली नाही हेच नवल. "काय कबूल करू? पाणी मागितलं हा गुन्हा? आणि मी एकटी सुटू, बाकीच्या काय म्हणतील? गोदाक्का सत्तरीची आहे. माझ्या शब्दावर आली होती ती!"

"अगं, पण रेणुका..."

नाव काढताच तिचे डोळे भरून आले. बाहेर बघत ती म्हणाली, "लेकीच्या बाळंतपणाला जायचं, पण मान खाली घालून नाही जायचं."

खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या दोन रेघांच्या सहीची लाज वाटली. बाणेदार माणूस हा असा दिसतो, हे मला तेव्हा कळलं. तो नऊवारी नेसलेला असतो!

"दुसरा रस्ता," टाकसाळे खाकरले, "कोर्टाकडून परदेशी जाण्याची परवानगी. खटला राहू दे चालू. कोर्ट जेवढ्या मुदतीचा हुकूम देईल, तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो."

सुनावणीला आमची सगळी आळी हजर! मी पहिल्यांदाच ही 'भिशी' पाहत होतो. बायका बाकावर अशा ऐसपैस बसलेल्या, जसं काही माहेरचं अंगण! पट्टेवाला त्यांना नावानं ओळखत होता. कारकुनानं गोदाक्काला गुडघ्याचं विचारलं. दुपारचे डबे आधीच एका कोपऱ्यात, ओळीनं लावलेले.

"भावजी, तुम्ही आज कसे?" रझियाआपानं विचारलं. "तुमच्यावरबी लावली का केस?"

"छे छे!" मी ताठ बसलो. "आमच्यावर केस? मी हिला सोबत म्हणून आलोय."

न्यायाधीश बाई तरुण होत्या. सरकारी वकिलांनी उठून ठरावीक हरकत घेतली. "आरोपी परदेशात पळून जाण्याची शक्यता नाकारता येत नाही."

मागून गोदाक्काचा आवाज आला, "अगं बया! तिला धड जिना उतरता येईना, पळतीय कुठली!"

सगळं कोर्ट हसलं. "शांत राहा," न्यायाधीश बाई म्हणाल्या, पण त्यांनाही ओठ आवळावे लागले. मला वाटलं, हीच वेळ! मी ताडकन उठलो.

"बाईसाहेब, मी हमी देतो! नॉर्वे हा देश उत्तर ध्रुवाजवळ असून तिथं..."

"तुम्ही कोण?"

"मी आरोपीचा नवरा."

"आरोपीला वकील आहेत ना? खाली बसा." मग त्यांनी हिच्याकडं पाहिलं. "परत येणार ना?"

"न येऊन सांगते कुणाला!" ही म्हणाली. "आमचे हे एकटे आहेत घरी. चहा करायला गेले तर पातेलं टाकून द्यावं लागतं. आणि शिवाय, हा खटला कोण चालवणार? मी नंबर एक आहे."

परवानगी मिळाली! एका वर्षाच्या मुदतीचा पासपोर्ट द्यावा, असा हुकूम! बायकांनी टाळ्या वाजवल्या, पट्टेवाल्यानं त्यांना ओरडता ओरडता स्वतःही वाजवल्या.

मी तर हवेत होतो. हुकूम हातात आला तसा मी पेढे आणायला स्कूटरवरून निघालो. आता हिचा पासपोर्ट आला की मी नवा अर्ज करणार, माझा पहिल्यासारखा चुटकीसरशी येणार, आणि आम्ही जोडीनं उडणार! पेढे घेतले, पायाशी ठेवले आणि कोर्टाच्या उतारावरून परत येताना पुडा घसरायला लागला. तो सावरायला मी वाकलो. तेवढंच निमित्त!

डोकं वर केलं तर समोर रसवंती. मी ब्रेक दाबला. निदान तसं मला वाटलं. पण स्कूटर अशी उधळली, जसा काही पोळ्याचा बैल! उसाची मोळी उडाली, टेबल उडालं, ग्लास उडाले, आणि टेबलाशी निवांत रस पीत बसलेले हवालदार डोईफोडे उडाले. मी त्यांच्या मांडीवर आणि पेढे आमच्या दोघांवर!

"सर," डोईफोडे पाय धरून कण्हत म्हणाले, "भूगोल समोर बघून शिकवत होता ना?"

त्यांचा घोटा मुरगळला होता. बिचारे म्हणाले, "माझी काही तक्रार नाही हो." पण त्यांचे साहेब कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहून सगळं बघत होते. वर्दीतला माणूस, भर रस्त्यात, कोर्टासमोर! साक्षीदार हवे होते तर अख्खी आळी हजर. रझियाआपा तर उत्साहानं पुढं होऊन सांगायला लागली, "मी बघितलं! लई जोरात आले भावजी!" तिला वाटलं, ती माझं कौतुक करतेय.

बेदरकारपणे वाहन चालवून दुसऱ्यास दुखापत करणे. कलम लागलं, दोषारोपपत्रही लगोलग कोर्टात गेलं. हिच्या खटल्याला जेवढी वर्षं लागली होती, तेवढे दिवससुद्धा माझ्या खटल्याला लागले नाहीत. आळीत म्हणायला लागले, चौसाळकरांच्या घरी जोडीनं असतं बुवा सगळं!

हिचा पासपोर्ट आला. मी नवा अर्ज भरायला बसलो. तोच प्रश्न आला. या वेळी हिनं मिक्सर बंद केला, माझ्यामागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लिहा. हो."

लिहिलं, हो! मग मलाही कोर्टाची परवानगी लागणार होती, आणि कोर्टाला लागली उन्हाळ्याची सुट्टी. तिकिटाची तारीख काही सुट्टी घेईना. शेवटी ही एकटीच निघाली.

विमानतळावर मी तिला अक्षांश-रेखांश समजावत होतो. मोहीम मोठी, बाई एकटी, विमान दोनदा बदलायचं! ती म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका. मुख्याधिकाऱ्यापेक्षा अवघड नसेल." डिंकाच्या लाडवांची बॅग ढकलत ती आत गेली, काचेआड वळली, हात केला. मी घरी आलो आणि चहा करायला गेलो. पातेलं टाकून द्यावं लागलं.

कोर्ट उघडल्यावर माझी तारीख पडली, ती नेमकी बायकांच्या तारखेच्या दिवशी. मी दारातच घुटमळलो. गोदाक्कानं बाकावर थाप मारली. "या भावजी, कौसाची जागा मोकळीच हाय."

बसलो. दुपारी डबे उघडले. थालीपीठ होतं, शेंगदाण्याची चटणी होती, रझियाआपाची शेवयांची खीर होती. पलीकडं डोईफोडेही येऊन टेकले. त्यांचा घोटा बरा झाला होता आणि फिर्यादीच्या बाजूनं ते साक्षीदार होते. आरोपी आणि साक्षीदार एकाच डब्यातलं खातायत हे टाकसाळ्यांनी पाहिलं आणि तोंड फिरवून पान लावायला घेतलं. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका! निवृत्तीनंतर माणसाला जायला एक ठिकाण हवं असतं. मला ते सापडलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर ही, आणि तिच्या हातात लालबुंद, मुठी आवळलेला एवढासा गोळा!

"मुलगा!" ही म्हणाली. "रेणुका सुखरूप आहे. बघा, नाक तुमचंच आहे. बिचारा!"

बाकावर एकच गलका झाला. फोन या हातातून त्या हातात. कारकून आला, पट्टेवाला आला, सरकारी वकीलसुद्धा मान लांब करून बघून गेले. गोदाक्कानं तिथूनच दृष्ट काढली.

माझ्या खटल्यात मी मात्र गुन्हा सरळ कबूल केला. हिचं वेगळं होतं, हिनं पाणी मागितलं होतं. मी काय मागितलं होतं? मी तर धडकलो होतो! न्यायाधीश बाईंनी दंड केला आणि म्हणाल्या, "सर, आता समोर बघून चालवा." मी परत अर्ज रेटला. परत चौकशी. परत डोईफोडे आले आणि मी खुर्ची देताना ते दोन पावलं मागं सरकूनच बसले.

पासपोर्ट आला! कोरा करकरीत, निळा! पोस्टमनच्या हातून घेऊन मी तो देवापुढं ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि आनंदानं नॉर्वेला फोन लावला.

"निघतोच आता!" मी गरजलो. "तिकीट काढा!"

"बाबा, कुठं निघताय?" रेणुका म्हणाली. "आम्हीच निघालोय! सुट्टी आहे तोवर आईला सोडायला येतोय. विमानतळावरच आहोत. तुम्हाला चकित करायचं होतं."

आता सगळी घरी आहेत. पाळणा ओसरीत बांधलाय, आळीतल्या बायका दिवसभर येऊन बसतात, आणि मी चहासाठी पातेली आणून देतो. परवा रेणुकाची बॅग आवरताना एक पासपोर्ट हाती आला. उघडला. फोटोत साहेबांचे डोळे मिटलेले, तोंडाला लाळ, सहीच्या जागी अंगठा. जन्मून फार महिने झाले नाहीत, आणि निम्मं जग ओलांडून आलेला हा माणूस! मी पासपोर्ट त्याच्यापुढं धरला आणि विचारलं, "का रे, तुला बरा लगेच मिळाला?"

त्यानं माझं नाक धरलं आणि माझ्या सदऱ्यावर मुतला.

ही आतून म्हणाली, "त्याच्यावर अजून एकही खटला नाही हो!"